रात्रीचा पाव आणि रविवारचा पॉपओव्हर



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांला निमंत्रण दिले तेव्हा विषयाची निवड आमच्यावरच सोपवली होती. आम्ही बोनस, महागाई किंवा कंत्राटी पद्धत यांपैकी काहीतरी घेऊ अशी त्यांची अपेक्षा असावी. गेली तीस वर्षे आम्ही कामगार संघटनेचे काम करीत आलो, त्यामुळे ती अपेक्षा गैर नव्हती. आम्ही उलट टपाली कळवले, 'दालचिनीचे गोड पॉपओव्हर घरी कसे भाजावेत.' दुसऱ्याच दिवशी चिटणिसांचा फोन आला. म्हणाले, 'साहेब, आपले अक्षर नीट लागत नाही. विषय पावलोव आहे काय? ते रशियन शास्त्रज्ञ, कुत्र्यावर प्रयोग करणारे?' आम्ही म्हटले, 'पावलोव नव्हे, पावच. पण फुगलेला.'

आपण हसलात, बरे झाले. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तिचे लोण पुढे आपल्यासारख्या अनेक गावांत पोचले. आमचे शिक्षण आठवीत थांबले. आमचे कॉलेज म्हणजे अशा व्याख्यानमालांतील मागची सतरंजी आणि सार्वजनिक वाचनालयातले बाक. त्या सतरंजीवर बसून आम्ही एक गोष्ट शिकलो. जो विषय आपल्या हाताखालून गेला आहे त्यावरच बोलावे. पॉपओव्हर आमच्या हाताखालून गेला आहे, म्हणजे पुष्कळदा बिघडलेला आहे. त्यावर बोलण्याचा अधिकार आम्हांला तेवढ्यापुरता आहे.

प्रथम आमची आणि भट्टीची ओळख कशी झाली ते सांगतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. आमचे वडील साचेवाले होते. संप वर्षभर चालला, मग तो चालतो आहे की संपला आहे हेच कोणाला कळेना. घरात खाणारी सहा तोंडे. १९८३ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, आम्ही एका बेकरीत रात्रपाळीला लागलो. १९४८ च्या कारखाना कायद्याप्रमाणे चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात कामाला ठेवता येत नव्हते. पण आमचे नाव कुठल्याच वहीत नव्हते, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने आम्ही तिथे नव्हतोच.

काम रात्री दहाला सुरू होई. मैद्याची पोती फोडायची, चाळायचा, मळणाऱ्यांना पाणी द्यायचे, पत्र्यांना तेल लावायचे. पहाटे चारला पहिला पाव बाहेर येई आणि सायकलवाले तो घेऊन जात. मधे तासाभराची सवड मिळाली की मैद्याच्या रिकाम्या पोत्यांवर झोपायचे. भट्टीवर एक वयस्क कारागीर होते. उत्तरेकडून आलेले, सगळे त्यांना चाचा म्हणत. पाव आत गेला की आम्हांला बघायची घाई होई. आम्ही भट्टीच्या लोखंडी दाराला हात लावला की चाचा ओरडत, 'दरवाजा मत खोल, बेटा. उसको अपना काम करने दे.' हे वाक्य ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम आहे.

आता पॉपओव्हर आमच्या आयुष्यात कसा आला. बेकरीत पुड्या बांधायला रद्दी येई. त्या रद्दीत एकदा अमेरिकन पाककृतींचे एक जुने पुस्तक आले. पुठ्ठा गेलेला, पहिली पाने गेलेली. आम्हांला इंग्रजी शिकायचे होते आणि क्लासला पैसे नव्हते. आम्ही ते पुस्तक घरी आणले व वाचनालयातला शब्दकोश घेऊन वाचू लागलो. इंग्रजी शिकण्यासाठी पाकपुस्तकासारखे दुसरे पुस्तक नाही असे आमचे मत आहे. वाक्ये आखूड असतात, सगळी आज्ञार्थी असतात, आणि अर्थ बरोबर लावला की नाही हे चुलीवर ताबडतोब कळते. कायद्याच्या पुस्तकात तसे नसते. तिथे अर्थ चुकला हे दहा वर्षांनी कळते.

त्या पुस्तकात पॉपओव्हर नावाचा पदार्थ होता. शब्दकोशात त्या शब्दाचे दोन तुकडे सापडले, पण जोडल्यावर अर्थ लागेना. पुढे कळले की भाजताना हे पीठ भांड्याच्या काठावरून उसळून बाहेर येते, म्हणून हे नाव. आत पोकळ, बाहेर कुरकुरीत, वर टोपीसारखा फुगलेला. हा पदार्थ अमेरिकेतला, पण त्याचे मूळ इंग्लंडात आहे. तिकडे यॉर्कशर पुडिंग म्हणून एक प्रकार करतात. मांस भाजताना खाली गळणारी चरबी तापवून तिच्यात अंडी, दूध आणि मैद्याचे पातळ पीठ ओततात. हॅना ग्लास या बाईंनी १७४७ साली छापलेल्या पाकपुस्तकात यॉर्कशर पुडिंग या नावाने ती कृती दिली आहे. गरिबाघरी ते पुडिंग मांसाच्या आधी वाढीत, म्हणजे पोट भरे आणि मांस कमी लागे, असे सांगतात. आपल्याकडे पंगतीत आधी भाताचा आग्रह होतो, त्यातलाच हा प्रकार.

अमेरिकेत गेल्यावर चरबीच्या जागी लोणी आले, एका मोठ्या भांड्याऐवजी लहान लहान वाट्या आल्या आणि नाव बदलले. पॉपओव्हरची छापील कृती १८७६ सालच्या एका अमेरिकन पाकपुस्तकात सापडते. पुढे १८९६ साली बॉस्टनच्या पाकशाळेतल्या फॅनी फार्मर यांचे पुस्तक निघाले, त्यातही ती आहे. या बाईंचे आम्हांला विशेष कौतुक वाटते. 'मूठभर', 'अंदाजाने', 'अक्रोडाएवढे लोणी' ही भाषा सोडून त्यांनी सपाट भरलेला कप आणि सपाट भरलेला चमचा हे माप रूढ केले. अंदाज ही अनुभवी माणसाची मिरासदारी असते. माप ठरले की नवखाही काम शिकू शकतो. वेतनश्रेणीच्या वाटाघाटीत आम्ही हेच सांगत आलो.

आता कृती सांगतो. ज्यांनी वही आणली आहे त्यांनी लिहून घ्यावी. सहा नगांसाठी अंडी २, दूध १ कप म्हणजे २४० मिलिलिटर, मैदा सपाट १ कप म्हणजे सुमारे १२० ग्रॅम, मीठ अर्धा चहाचा चमचा, दालचिनीची पूड १ चहाचा चमचा आणि वितळवलेले लोणी १ मोठा चमचा. अंडी व दूध थंडगार नसावीत. अंडी फेटून त्यात दूध व लोणी घालावे, मग मैदा, मीठ आणि दालचिनी घालून ढवळावे. पीठ घावनाच्या पिठाइतके पातळ व्हावे. बारीक गुठळ्या राहिल्या तर घाबरू नये. अर्धा तास झाकून ठेवावे, म्हणजे मैदा दूध शोषून घेतो.

त्यात सोडा नाही, यीस्ट नाही, बेकिंग पावडरही नाही. मग फुगते कशाने? नुसत्या वाफेने. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सोळाशेपट जागा मागते. पीठ पातळ, म्हणजे पाणी भरपूर. ओव्हन कडक तापलेला असला की बाहेरचा थर आधी धरतो, आतल्या पाण्याची वाफ होते आणि ती त्या थराला आतून ढकलते. अंड्यातली प्रथिने आणि मैद्याचा चिवटपणा यांमुळे तो थर फाटत नाही, ताणला जातो. शेवटी तो ताणलेल्या आकारातच घट्ट होतो. आपली पुरी याच न्यायाने फुगते, फुलकाही. पुरी कुठे जाड, कुठे पातळ लाटली की टम्म फुगत नाही, हे इथल्या प्रत्येक भगिनीला आमच्याहून अधिक ठाऊक आहे. ज्यांना अंडे चालत नाही त्यांनी आमच्या नादी लागू नये. पुरी करावी. शास्त्र तेच आहे.

मफिनचा साचा किंवा सहा खोलगट स्टीलच्या वाट्या लोणी लावून ओव्हनमध्ये आधीच तापत ठेवाव्यात. ओव्हन २३० अंशांवर तापवावा. गरम वाट्यांत पीठ निम्म्याहून थोडे वर भरावे, काठोकाठ भरू नये. १५ ते २० मिनिटे त्याच आचेवर ठेवावे, मग आच १८० अंशांवर आणून आणखी १५ ते २० मिनिटे. बाहेर काढल्याबरोबर प्रत्येकाला सुरीच्या टोकाने एक भोक पाडावे, म्हणजे कोंडलेली वाफ निघून जाते आणि आतला भाग ओला राहत नाही. मग वितळलेल्या लोण्यात बुडवून अर्धा कप साखर व दोन चहाचे चमचे दालचिनीची पूड यांच्या मिश्रणात घोळवावे, आणि लगेच खावे. साखर पिठात का घालायची नाही, असे कोणी विचारील. जास्त साखर पिठाचा चिवटपणा मारते आणि पदार्थ शिजण्याआधी लाल होतो. म्हणून गोडी बाहेरून.

या सगळ्यात एकच नियम कडक आहे. पहिल्या अर्ध्या तासात ओव्हनचे दार उघडायचे नाही. उघडले की थंड हवा आत जाते, आतली वाफ निवते, आणि अजून न धरलेली भिंत खाली बसते. एकदा बसलेला पॉपओव्हर पुन्हा उठत नाही. आमच्या घरी पहिला ओव्हन आला तो अॅल्युमिनियमचा गोल डबा, वरच्या झाकणाला काच आणि आत विजेची तार. त्यात केक होई, पण वीज कमी दाबाने आली की पॉपओव्हरचे थाळीपीठ होई. पुढे ओटीजी आला. त्यातही पहिल्या तीन रविवारी आम्ही दार उघडून पाहिले आणि तीनही रविवारी सहा ओल्या चकत्या खाल्ल्या. तिसऱ्या रविवारी आमची मंडळी म्हणाली, 'तुम्ही लोकांना संपात धीर धरायला सांगता, आणि तुम्हांला वीस मिनिटे धरवत नाही?' चौथ्या रविवारी आम्ही चाचांचे वाक्य मोठ्याने म्हटले आणि स्टूल घेऊन ओव्हनसमोर हात बांधून बसलो. पॉपओव्हर फुगले.

आता दालचिनीविषयी थोडे. आपल्या वाण्याकडे दालचिनी म्हणून जे मिळते ते बहुधा कॅशिया असते. तिची साल जाड, कडक, एकेरी गुंडाळीची, चव तिखट. खरी दालचिनी श्रीलंकेची. तिची साल कागदासारखी पातळ असून एकात एक अशा अनेक गुंडाळ्या असतात. ती हाताने मोडते आणि चवीला सौम्य, गोडसर असते. कॅशियात कुमारिन नावाचे द्रव्य पुष्कळ असते व ते रोज जास्त प्रमाणात पोटात गेल्यास यकृताला अपायकारक ठरू शकते. रविवारी एखादा पॉपओव्हर खाणाऱ्याने त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही, पण रोज चमचाभर पूड औषध म्हणून खाणाऱ्यांनी विचार करावा.

ती पातळ गुंडाळी कोण करते? झाडाला फुटलेले कोवळे धुमारे तोडतात, वरची खरबरीत साल खरवडून टाकतात, पितळी दांड्याने फांदी घासतात म्हणजे आतली साल सुटी होते. मग सुरीने ती अखंड सोलून काढतात. सुकताना ती आपोआप वळते. हे काम यंत्राने अजून तितके नीट जमलेले नाही, सोलणाऱ्याच्या बोटांतच ते आहे. श्रीलंकेत हे काम पिढ्यान् पिढ्या सालागम नावाच्या जातीकडे होते. पोर्तुगीज तिथे १५०५ साली उतरले. मग डच आले, त्यांनी १६५६ साली कोलंबो घेतले. १७९६ साली इंग्रज आले. राज्ये बदलली, सोलणारे तेच राहिले. ठराविक वजनाची दालचिनी सक्तीने द्यायची, चोरून विकली तर कठोर शिक्षा. डचांच्या अमलात तर अशा गुन्ह्याला देहदंडापर्यंत मजल गेली होती. युरोपातल्या ज्या घरात ती दालचिनी पुडिंगवर भुरभुरली गेली, त्या घराला यातले काही कळण्याचा संभव नव्हता. मसाल्याला सुगंध असतो, पण तो कोणी सोलला हे त्या सुगंधावरून कळत नाही.

पावाचेही तसेच आहे, आणि आता आम्ही आमच्या मूळ गोष्टीकडे येतो.

वाचनालयात पुस्तके चाळताना आम्हांला हळूहळू कळू लागले की आम्ही ज्या पोत्यांवर झोपलो ती पोती फार जुनी आहेत. रामाझ्झिनी नावाच्या इटालियन वैद्याने १७०० साली धंद्यांपासून होणाऱ्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने पाव भाजणाऱ्यांचा विचार केला आहे. ही माणसे जग झोपते तेव्हा काम करतात आणि पिठाची धूळ त्यांच्या छातीत जाते, हे त्याने तेव्हाच पाहिले होते. १८६२ साली ट्रेमेनहीअर या सरकारी अधिकाऱ्याने लंडनच्या बेकरी कामगारांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी केली. काम रात्री अकराच्या सुमाराला सुरू होई आणि पीठ मुरत असताना कामगार मळण्याच्या फळीवरच, एक पोते खाली आणि एक उशाला घेऊन, दोन तास झोपत. मार्क्सने 'कॅपिटल'मध्ये या चौकशीचा उपयोग केला आहे. ते पान आम्ही वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. लंडनच्या त्या मुलाची आणि आमची भेट झाल्यासारखे वाटले. दुसऱ्याच वर्षी, १८६३ साली, तिथे कायदा झाला आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना रात्री नऊ ते पहाटे पाच या वेळात बेकरीत कामाला लावण्यास बंदी आली.

जो पॉपओव्हरचा देश, त्या अमेरिकेत काय झाले तेही ऐका. न्यूयॉर्क राज्याने १८९५ साली बेकरी कामगाराचे काम दिवसाला १० तास आणि आठवड्याला ६० तास यांपेक्षा जास्त नसावे असा कायदा केला. युटिका गावचा एक बेकरीमालक, लॉकनर, याला त्याखाली दंड झाला. तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९०५ साली पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने तासांची ती मर्यादा रद्द ठरवली. कारण काय, तर मालक आणि कामगार यांच्या करार करण्याच्या स्वातंत्र्यावर ती घाला घालते. साठ तासांहून अधिक राबण्याचे स्वातंत्र्य! न्यायमूर्ती होम्स यांनी विरुद्ध मत नोंदवले. हे वळण बदलायला १९३७ साल उजाडावे लागले. युरोपात मात्र वारे दुसरीकडून वाहत होते. फ्रान्सने १९१९ साली बेकरीतले रात्रीचे काम कायद्याने बंद केले आणि १९२५ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने बेकरीतील रात्रीच्या कामासंबंधी वेगळा करार संमत केला. म्हणजे पहाटेच्या ताज्या पावासाठी माणसाची रात्र घ्यावी की नाही, हा प्रश्न जगाने गंभीरपणे विचारलेला आहे.

आम्ही तो आमच्या भागात विचारला. १९९६ साली आम्ही बेकरी कामगारांची संघटना बांधायला घेतली. चाचा पहिल्या सभासदांपैकी एक होते. १९९९ साली मालकांशी बोलणी झाली. आमच्या मागण्या तीन: पगारवाढ, आठवड्याची सुटी आणि प्रत्येक कामगाराला हजेरीकार्ड. मालक पहिल्या दोन गोष्टींना तयार झाले, कार्डाला नाही. म्हणाले, कागदपत्रांची कटकट नको. रात्रीचा दीड वाजला होता. कामगार बाहेर बसले होते. पैसा हातात दिसत होता आणि कार्ड म्हणजे नुसता पुठ्ठा. आम्ही कार्डाची मागणी सोडली आणि सही केली. बाहेर गुलाल उडाला. चाचांनी आमच्या तोंडात पेढा कोंबला.

तीन वर्षांनी चाचांना जिना चढवेना. सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि काय काम करता असे विचारले. मैद्याच्या धुळीने होणारा हा दमा आहे, असे त्यांनी कागदावर लिहून दिले. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत धंद्यामुळे होणारा दमा समाविष्ट झालेला होता. आम्ही कायदा काढला, अर्ज लिहिला आणि मोठ्या उमेदीने गेलो. मालकाकडून एका ओळीचे उत्तर आले: या नावाचा इसम आमच्याकडे कधी कामाला नव्हता. एकवीस वर्षे ज्या माणसाने त्या भट्टीपुढे उभे राहून अर्ध्या वस्तीला पाव खाऊ घातला, त्याच्यापाशी आपण तिथे होतो हे दाखवायला एक पुठ्ठ्याचा तुकडा नव्हता. आणि तो तुकडा आम्ही सोडून दिला होता.

सोबतच्यांच्या साक्षी काढण्याचा आम्ही प्रयत्न केला. दोघे तयार झाले, मग त्यांनाही नोकरीची भीती वाटली. चाचा गावी गेले. जाताना आम्ही त्यांच्यापाशी कबूल केले की चूक आमची झाली. ते म्हणाले, 'बेटा, तूने दरवाजा जल्दी खोल दिया.' ते रागाने बोलले नाहीत, भट्टीवर बोलत त्याच आवाजात बोलले. दीड वर्षाने गावाहून निरोप आला की चाचा गेले. त्यानंतर आम्ही जेवढे करार केले, त्यांतले पहिले कलम हजेरीकार्डाचे असते. पगारवाढ नंतर. कामगार कधी कधी आमच्यावर चिडतात. चिडू देत.

मग असा माणूस रविवारी घरी पॉपओव्हर भाजत का बसतो, असे आपण विचाराल. आमच्या मुलीनेही एकदा विचारले होते, 'बाबा, तुम्हांला भट्टीचा राग येत नाही का?' राग येत नाही. मैदा तोच, उष्णता तीच, उभे राहणे तेच. पण आम्ही झोप काढून उठलेलो असतो, खिडकीतून उजेड येत असतो, सहाच नग करायचे असतात आणि बिघडले तर पगार कापणारा कोणी नसतो. हेच काम सुखाचे होते आणि हेच काम माणसाला खाते. फरक पिठात नाही, तासांत आहे. कष्टाला कंटाळलेला माणूस आम्ही पाहिला नाही, बेहिशेबी तासांनी मोडलेले पुष्कळ पाहिले.

आणि हा रविवार तरी आम्हांला कोणी दिला? नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या व सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. त्यात आठवड्याच्या सुटीची मागणी होती. सहा वर्षे झगडल्यावर १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आपण रविवारी उशिरा उठतो, त्या उशिरा उठण्यामागे एवढ्या सह्या आहेत.

पण इथे आमच्या मंडळींनी आम्हांला पुन्हा पकडले. सुटीचे व्याख्यान त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, 'लोखंड्यांनी तुम्हांला रविवार मिळवून दिला. स्वयंपाकघराला कोणी दिला?' आम्हांला उत्तर सुचले नाही. तोवर आमची पद्धत अशी होती की पॉपओव्हर आम्ही भाजायचे, शेजाऱ्यांना बोलावून कौतुक आम्ही घ्यायचे, आणि सहा वाट्यांना चिकटलेले पीठ त्यांनी घासायचे. सभासदांनी अशी पद्धत चालवली असती तर आम्ही मोर्चा काढला असता. तेव्हापासून आमच्या घरी करार आहे. रविवारी सकाळचे खाणे आम्ही करायचे, आणि ओटा पुसून वाट्या घासून जागच्या जागी लावेपर्यंत काम संपले असे समजायचे नाही. हा करार तोंडी आहे, पण त्याची अंमलबजावणी आमच्या कोणत्याही लेखी करारापेक्षा कडक आहे.

बेकऱ्यांची स्थिती हळूहळू बदलते आहे. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतील लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या भट्ट्यांना स्वच्छ इंधनाकडे वळण्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली. शहराच्या हवेसाठी हे झाले, चांगलेच झाले. परंतु त्या वेळी वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती पावाचा भाव वाढेल का आणि पूर्वीची चव राहील का, याची. भट्टीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत काय गेले, हा प्रश्न क्वचित कोणी विचारला. धूर गेला तरी मैद्याची धूळ राहते. तिला तोंडावरचे फडके पुरत नाही. हवा बाहेर खेचणारा पंखा लागतो, धूळ उडू न देता मैदा ओतण्याची रीत लागते, आणि वर्षाकाठी छातीची तपासणी लागते. यांतली एकही गोष्ट मालकाला बुडवील इतकी महाग नाही.

आमची आपणांस दोन कामे सांगायची आहेत. पहिले, येत्या रविवारी घरी पॉपओव्हर करून पाहा. कृती दिलीच आहे. पहिला घाणा बसला तर आमचे तीन रविवार आठवा. घरातल्या पुरुषांनी केला तर उत्तम, वाट्यांसकट. दुसरे, आपण ज्या बेकरीतून पाव आणता तिथे केव्हातरी गल्ल्यापलीकडे डोकावून पाहा. भट्टीवर कोण आहे, त्याचे नाव काय, तो काल केव्हा झोपला, आणि त्याचे नाव एखाद्या वहीत आहे का, एवढे विचारा. मालक रागावला तर म्हणावे, पाव आम्ही खातो, तेव्हा विचारण्याचा थोडा हक्क आम्हांलाही आहे. दहा गिऱ्हाइकांनी विचारले तर संघटनेचे निम्मे काम होते, हा आमचा अनुभव आहे.

चिटणिसांनी घड्याळाकडे पाहिले आहे. आमच्या मंडळींनी आज सकाळी आम्ही भाजलेले बारा पॉपओव्हर डब्यात घालून दिले आहेत. थंड झाल्यामुळे ते थोडे मऊ पडले असतील, त्याबद्दल क्षमा असावी. श्रोते पुष्कळ आणि नग बारा, तेव्हा वाटप कसे करायचे ते अध्यक्षमहाराजांनी ठरवावे. आमची सूचना एवढीच, की मागच्या सतरंजीपासून सुरुवात करावी.